बारक्याच्या वाट्याचा बिघाड

माणसानं हेवा कशाचा करावा याला काही धरबंध असावा की नाही? कुणी घराचा करतो, कुणी नोकरीचा, कुणी शेजाऱ्याच्या डोक्यावर साठीतही टिकून राहिलेल्या केसांचा. इथवर समजू शकतो. पण सख्ख्या भावाच्या कॅन्सरचा हेवा करणारा माणूस तुमच्या पाहण्यात नसेल. दादा तसा होता. आणि तो काही वेडाबिडा नव्हता; चांगला शहाणासुरता, एकाहत्तर वर्षांचा, वजनकाटे दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं घालवलेला माणूस होता.

त्याचा भाऊ पाच वर्षांनी लहान. लहानपणी काडीसारखा होता म्हणून बारक्या हे नाव पडलं ते पडलंच. पुढे बारक्या शंभर किलोच्या वर गेला. नुसतं म्हणायला नव्हे, वर्कशॉपमधल्या मोठ्या काट्यावर दादानं स्वतः त्याचं वजन केलं होतं. तरी नाव काही बदललं नाही.

वर्कशॉप दोघांचं. लांबलचक टेबल, मखमलीच्या पेटीतली पितळी वजनं, ती उचलायचा चिमटा, कारण बोटाचा घामसुद्धा वजनाला चिकटतो. दादा स्प्रिंगचे आणि दांडीचे काटे बघायचा. नवे इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा दादानं नाक मुरडलं आणि बारक्यानं सहा महिन्यांत ते शिकून घेतले. मग काय, दुकानदार दारात आला की आधी विचारायचा, बारकूशेठ आहेत का? दादा हसून सांगायचा, आहे ना, आतच आहे. आणि आतल्या आत त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हे वर्कशॉप बंद होईपर्यंत बत्तीस वर्षं चाललं आणि त्याचा पत्ता दादाच्या बायकोखेरीज कुणालाही, त्याच्या दोन्ही पोरींनाही, नव्हता.

वर्कशॉपचा एक नियम होता, दादानंच घातलेला. काट्याची तपासणी करताना एकानं आकडा वाचायचा, दुसऱ्यानं वहीत लिहायचा, आणि लिहिणाऱ्यानं काट्याकडे मान वर करून बघायचं नाही. दोघं बघायला लागले की हुज्जत सुरू होते, अर्धा ग्रॅम इकडे की तिकडे. आणि मग जो मोठ्यानं बोलतो त्याचा आकडा वहीत जातो. म्हणून वाचणाऱ्यावर पूर्ण भरवसा ठेवायचा. बत्तीस वर्षांत बारक्यानं एकदाही मान वर केली नाही.

प्रोस्टेटचा कॅन्सर आधी दादाला झाला. हार्मोन बंद करणारं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, आणि पाच वर्षं सगळं छान. मधे बारक्यालाही तोच आजार निघाला. यातही माझ्या मागे मागे आलास का, असं दादा त्याला म्हणाला आणि दोघं हसले. खरं सांगायचं तर दादाला थोडं बरंच वाटलं होतं. या एका गोष्टीत तो परत थोरला झाला होता. कुठल्या नर्सचा हात हलका, कुठली गोळी जेवणाआधी घ्यायची, घाम फुटतो तेव्हा काय करायचं, सगळं तो बारक्याला शिकवायचा आणि बारक्या मान डोलवायचा.

मग दोघांचीही इंजेक्शनं एकाच सुमाराला निकामी झाली. रक्तातला पीएसए म्हणून एक आकडा असतो, त्यावरून या रोगाची चाल कळते. तो चढायला लागला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघं एकाच लॅबमध्ये शेजारी शेजारी बसून रक्त द्यायचे. संध्याकाळी रिपोर्ट आला की बारक्याचा फोन यायचा. एक वाचणार, दुसरा लिहिणार, मग उलट. सवय ती सवय. त्या वेळी दादाचा आकडा होता सेहेचाळीस आणि बारक्याचा दोनशे बारा. दादा भावाला धीर द्यायचा. धीर देणं किती सोपं असतं, आपला आकडा खाली असला की!

दोघांची डॉक्टर एकच, पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. तिनं दोघांच्याही गाठीचा नवा तुकडा काढून त्यातली जनुकं तपासायला पाठवली. औषधाला न जुमानणारा कॅन्सर आतून बदललेला असतो, आणि काय बदललंय ते कळलं तरच पुढचं काही ठरवता येतं, असं तिचं म्हणणं. महिन्याभरानं तिनं दोघांना एकत्र बसवलं आणि कागदाच्या पाठीवर चित्रं काढून सांगितलं.

दादाच्या पेशींनी काय केलं होतं, तर हार्मोनचा आवाज ऐकणारं जे जनुक, त्याची जिथे एक प्रत असायला हवी तिथे वीस-पंचवीस करून ठेवल्या होत्या. म्हणजे आपण हार्मोन बंद केलं, पण त्यांनी कान इतके वाढवले की आता कुजबुजही त्यांना ऐकू जाते. याच्यावर नेमकी अशी गोळी आज नव्हती. केमो होती, पण ती आत्ता तब्येतीला झेपणार नाही, देता येईल तेव्हा देऊ, म्हणाली. बारक्याची गोष्ट निराळी. पेशीतली मोडतोड दुरुस्त करणारं एक जनुक त्याच्यात तुटकं निघालं. दुरुस्तीची एक वाट मुळातच बंद. एक गोळी आहे, ती दुसरी वाट बंद करते, मग त्या पेशी आपल्याच मोडतोडीनं मरतात. बारक्याला हे भलतंच आवडलं. जन्मभर दुरुस्तीवर पोट भरलं आणि आता दुरुस्ती बंद पडली म्हणून जगणार, असं तो म्हणाला. डॉक्टरीणबाईसुद्धा हसली. दादा हसला नाही.

हा बिघाड रक्तातच आहे, जन्माचा आहे, असं पुढे कळलं. त्यांची एक मावशी तरुणपणीच स्तनाच्या कॅन्सरनं गेली होती, त्यावरून तो आईकडून आला असावा. म्हणजे दादातही असण्याची शक्यता निम्मी. गाठीत दिसला नाही तरी एकदा रक्त बघूया, डॉक्टर म्हणाली, पण फार आशा धरू नका. दादानं धरली. तीन आठवडे तो एकच गोष्ट मागत होता, माझ्यातही तो बिघाड निघू दे. लोक रिपोर्ट चांगला यावा म्हणून हात जोडतात. हा गृहस्थ वाईट यावा म्हणून जोडत होता.

रिपोर्ट कोरा आला. दादात काहीही बिघाड नव्हता.

त्या दिवशी जेवताना तो बायकोला म्हणाला, आईनं वाटतानासुद्धा धाकट्याच्याच पदरात टाकलं. बायको म्हणाली, अहो, रोग आहे तो, वारसाहक्क नाही. दादा म्हणाला, गोळी त्याच्यावरच आहे ना? आणि ताटावरून उठला.

बारक्याची गोळी सुरू झाली. दोनशे बाराचे नव्वद झाले, नव्वदचे एकतीस. दादाचे सेहेचाळीसचे अठ्ठावन्न झाले. आकडे वाचले जात होते, लिहिले जात होते. बारक्याला त्या गोळीनं मळमळायचं, उलट्या व्हायच्या, रक्त इतकं कमी झालं की दोनदा बाटली चढवावी लागली. पण दादाच्या डोळ्यांत खुपत होते ते फक्त आकडे. आणि मग आला तो सोमवार. बारक्यानं फोनवर वाचलं, आठ. आवाजात आनंद मावत नव्हता. दादानं वहीत आठ लिहिलं. आता वाचायची पाळी त्याची. समोर रिपोर्टवर चौऱ्याहत्तर होते.

तो म्हणाला, बावीस.

बायको शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. रिपोर्ट तिनंच छापून आणला होता. तिचे हात थांबले. पलीकडून बारक्या विचारत होता, बावीस? गोळीशिवाय? कसं काय दादा? दादानं सांगून टाकलं की सकाळी चार किलोमीटर चालतो, साखर पूर्ण सोडली. फोन ठेवल्यावर बायको एवढंच म्हणाली, "काटा बिघडला वाटतं तुमचा." दादानं ताकास तूर लागू दिली नाही. चाळीस वर्षांत त्यानं कुणाला पाव ग्रॅम चुकीचं सांगितलं नव्हतं, आणि आता एका दमात बावन्न खाल्ले होते. गंमत म्हणजे त्या दिवशी त्याला बरं वाटलं, चांगलं हलकं हलकं वाटलं.

एकदा उतरणीला लावलेला आकडा परत चढवायचा कसा? पुढच्या महिन्यात एकशे वीसचे त्यानं सतरा सांगितले. त्याच्या पुढच्या महिन्यात दोनशे पाचचे बारा. बारक्याचा आकडा तीनवर येऊन ठेपला होता. बारक्या आता फोनवर आधी दादाचीच चौकशी करायचा, किती वाजता चालतोस, फळं चालतात का, दुधाचं काय? दादाही खुशाल सांगायचा. पाठीत कळ यायला लागली होती, चार किलोमीटर कसले, कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन तो बसून राहायचा. पण फोनवर तो रोज चालत होता.

मग बारक्याचा आकडा नऊ झाला.

दादानं लिहिला आणि पुन्हा विचारलं, किती? नऊ, बारक्या म्हणाला, बारीक आवाजात. पुढच्या महिन्यात तो एकतीस झाला. आता जे सांगतो ते दादानं कुणालाही सांगितलेलं नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. हुश्श झालं. गोळी संपली होती, बारक्याची खास गोळी, आईनं दिलेल्या बिघाडावरची. आता दोघं एका ओळीत उभे होते. त्यानं फोनवर भावाला धीर दिला, अगदी पूर्वीसारखा. नंतर बायकोकडे चहा मागितला आणि कधी नव्हे ते म्हणाला की चांगला झालाय. स्वतःचा रिपोर्ट होता तीनशे अठ्ठ्याऐंशी. बारक्याला सांगितले दहा.

दोन दिवसांनी, बुधवारी सकाळी, पुतणीचा फोन आला. बारक्याची एकुलती एक पोर, चौतीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. बारक्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ती बापाचं घर आवरायला यायची. ती म्हणाली, "मोठे काका, बाबांनी गोळी बंद केलीये. अकरा आठवडे झाले. ड्रॉवरमध्ये पाकिटं तशीच पडलीत."

दादानं विचारलं, का?

"तुमच्यासारखं करतायत. चालतात, साखर सोडलीय. म्हणतात, दादाचा आकडा बिनगोळीचा उतरतो, मग मी कशाला उलट्या काढू? डॉक्टरना हे माहीत नाही. त्यांना वाटतंय की कॅन्सरनं तुटकं जनुक परत जोडून घेतलं, आता गोळी चालत नाही. उद्या डॉक्टर गोळी कायमची बंद करून केमो लावणार आहेत. मी डॉक्टरना सांगितलं तर बाबा माझं तोंड बघणार नाहीत म्हणाले. तुम्ही बोला ना, तुमचं ऐकतात."

दादानं फोन ठेवला. बायकोनं काय झालं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. तिनं कपाटातून त्याचे रिपोर्ट काढले, पाकिटात घातले आणि त्याच्या हातात दिले. चपलाही पुढे करून ठेवल्या. 

बारक्याचं घर दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर. प्रत्येक वळणावर दादा कठड्याला धरून उभा राहिला. वर जाताना तो मनात वाक्यं जुळवत होता. लॅबची चूक झाली म्हणावं. रिपोर्ट बदलले गेले म्हणावं. बारक्या कशाला बघायला जातोय? त्यानं जन्मात मान वर केलेली नाही. अजूनही खोटं खपून जाईल, गोळीही सुरू होईल आणि लाजही राहील. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचं हे सगळं तयार होतं.

दार बारक्यानं उघडलं. सोमवारी लॅबमध्ये दोघं खुर्चीला खुर्ची लावून बसले होते, तरी दादानं त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं, आकड्यांकडेच लक्ष. आता बघितलं. शंभर किलोचा माणूस सत्तरवर आला असेल. शर्ट खांद्यावरून ओघळत होता, पायात चालायचे नवे बूट होते. नुकताच चालून आला होता आणि धापा टाकत होता. दादाला बघून तो खुलला. म्हणाला, आज साडेतीन झाले, उद्या तुझ्याइतके चार करतो.

दादाची सगळी वाक्यं तिथंच मेली. त्यानं पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "बारक्या, आज तू स्वतः वाच."

बारक्यानं चष्मा लावला. पहिला कागद वाचला, मग दुसरा. मग उठून आपली वही आणली आणि एकेक ओळ ताडून बघायला लागला. चौऱ्याहत्तरच्या जागी बावीस, एकशे वीसच्या जागी सतरा. शेवटचा कागद त्यानं दोनदा वाचला.

"तीनशे अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला. "का रे?"

"तुझा आठ झाला म्हणून." दादानं खाली बघत सांगितलं. "मला ती गोळी हवी होती. तुझ्यातला बिघाड मला हवा होता. आईनं तुला दिला आणि मला नाही दिला, हे मला बघवेना."

बारक्या ओरडेल, कागद तोंडावर फेकेल, घराबाहेर काढेल, अशी दादाची तयारी होती. झालं असतं तर सोपं झालं असतं. बारक्या कागदांच्या कडा जुळवत बसला. जुळलेल्या कडा परत जुळवत राहिला.

"पोरीलाही आहे तो," तो म्हणाला.

दादाला क्षणभर उमगलं नाही.

"बिघाड. आईनं मला दिला, मी तिला दिला. आठ महिने झाले कळून. आता ती वर्षातून दोनदा तपासणीला त्या मोठ्या मशीनमध्ये जाऊन झोपते, आणि चाळिशीच्या आत, कॅन्सर व्हायच्या आधीच, ऑपरेशन करून घ्या म्हणतात. तुला सांगितलं नाही. तुझा रिपोर्ट कोरा आला ना, तू तोंड पाडून बसला होतास, आणि मला वाटत होतं, याच्या दोन्ही पोरी सुटल्या. दादा, मला इतका हेवा वाटला तुझा, की दोन दिवस तुझा फोन घेतला नाही मी. वर तुझा आकडाही उतरायला लागला, गोळी न खाता. म्हटलं, सगळंच कसं याला मिळतं? एवढी एक गोष्ट तरी मी दादाइतकी करून दाखवीन."

दादाला आठवलं, ते दोन दिवस बारक्यानं फोन उचलला नव्हता. तो समजला होता, बारक्या गोळीच्या आनंदात आहे. भावाच्या पदरात काय काय पडलं याचा हिशेब त्यानं वर्षभर केला होता, आणि त्यात ती पोर त्याला एकदाही दिसली नव्हती. ती तीन वर्षांची असताना वर्कशॉपमधल्या काट्यावर बसून, माझं वजन करा, म्हणून हट्ट करायची. तेव्हा आकडा दादाच वाचायचा आणि थोडा वाढवून सांगायचा, ती खूश व्हावी म्हणून.

त्यानं बारक्याकडून फोन मागून घेतला आणि दवाखान्यात लावला. डॉक्टरीणबाई फोनवर येईपर्यंत दहा मिनिटं गेली. दादानं तिला सरळ सांगितलं की गोळी निकामी झालेली नाही, ती अकरा आठवडे पोटातच गेलेली नाही, आणि याला कारण मी आहे. का, ते तिनं विचारलं, तेही सांगितलं. बारक्या समोर बसून ऐकत होता. डॉक्टरीणबाईनं पलीकडे बारक्याची फाईल मागवली. मग तिनं केमोचा विचार सध्या थांबवला, गोळी आजच सुरू करायला सांगितली, आणि दोघंही उद्या रक्त द्यायला या म्हणाली. मध्ये गेलेल्या दिवसांत आत काय बदललं असेल ते आत्ता सांगता येणार नाही, पण ती परत लागू पडण्याची आशा आहे.

ड्रॉवर दादानं स्वतः उघडला. पाकिटं खरंच तशीच होती, एकावर एक नीट रचलेली. त्यानं गोळ्या काढल्या, पाणी आणलं आणि बारक्यापुढे धरलं. बारक्यानं हात पुढे केला नाही. तुझ्या हातून नको, असं म्हणाला असता तर दादाला ते मान्य होतं. पण बारक्या नुसता त्या गोळ्यांकडे बघत होता, कारण त्याला पुढचा महिना दिसत होता, बादली आणि पलंग.

"मी येत जाईन," दादा म्हणाला. "सकाळी आणि संध्याकाळी. बादली धरीन."

"तीन जिने आहेत. तुझी पाठ दुखते ना?"

"दुखते," दादा म्हणाला. गेल्या चार महिन्यांत त्यानं हे कुणाजवळ कबूल केलं नव्हतं.

बारक्यानं गोळ्या घेतल्या, तोंडात टाकल्या आणि पाणी प्याला. त्या गिळताना दादाचाही घसा हलला. आणि सगळं बोलून झाल्यावरसुद्धा, पोरीचं ऐकून झाल्यावरसुद्धा, त्याला त्या क्षणी हेवा वाटलाच. लपवून काय उपयोग? त्या गोळ्या भावाच्या गळ्याखाली गेल्या आणि आपल्या गेल्या नाहीत, हे त्याला लागलंच.

बारक्या तोंड पुसत म्हणाला, "तुला लागू पडली असती ना, तर अर्धी तुला दिली असती."

दादाला ते माहीत होतं. ती बारक्यालाही लागू पडू नये असं आपल्याला दोन महिने वाटत होतं, हेही माहीत होतं. तेवढं मात्र तो बोलला नाही. त्यानं रिकामा ग्लास उचलला आणि धुवायला आत नेला.